दोन सेकंदांचा आवाज

तिरुवैयारुच्या वाटेवर गाडी बंद पडली, ओढून घरी आणावी लागली. गाडी वर उचलणाऱ्या लिफ्टशिवाय फ्युएल पंप बदलता येत नाही, असं तंजावूरचा मेकॅनिक म्हणाला, म्हणून मी हट्टानं घरीच बदलला. गाडी जॅकनं उचलून स्टँडवर ठेवली, पाठीवर पडून रिकामी टाकी उतरवली, नवा पंप बसवून परत चढवली. सत्तराव्या वर्षी, एकट्यानं!

टाकीत पेट्रोल ओतलं. आता पंप चालतो का, एवढंच बघायचं होतं. चावी फिरवली की तो दोनच सेकंद गुणगुणतो. चावी पुढे, पंप मागे, आणि माझे कान हे असे. पूर्वी अशा वेळी बायको, वसुमती, मागच्या सीटवर बसायची आणि आवाज आला की सांगायची. ती जाऊन तीन वर्षं झाली. शेजारच्या भरद्वाजला बोलावलं असतं, तर तो आधी पोटभर हसला असता.

मग मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो मागच्या सीटवर ठेवला. पुढे येऊन चावी फिरवली. थोड्या वेळानं मागे जाऊन रेकॉर्डिंग थांबवलं, ते लावून मोबाइल कानाला धरला. पंप स्वच्छ गुणगुणला. जिंकलो, म्हणणार तेवढ्यात माझाच आवाज ऐकू आला, "वसुमती, आला का गं आवाज?"

त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ काहीच नव्हतं. म्हणजे मी उत्तराची वाट बघत बसलो होतो.