थंड चहाचा ग्लास

कॅरोलिनातल्या आमच्या घराची लाकडी जमीन दबू लागली, तशी माझी बायको आयडेला आपला चालायचा वॉकर घेऊन स्वयंपाकघरात जायला घाबरू लागली. मुलगा म्हणाला, "घर विकून टाका."

सून टॅमसिन मात्र घराखालच्या बुटक्या पोकळीत सरपटत शिरली आणि चिखलाने माखून बाहेर आली.

"बाबा, पायाच्या भिंतीतले खालचे झरोके कोणी उघडले?"

"मीच. दर उन्हाळ्यात उघडतो. हवा खेळली की ओल सुकते."

तिने माझा बर्फ घातलेल्या थंड चहाचा ग्लास उचलला. तो बाहेरून थेंबांनी डबडबला होता. "हा गळतोय का?"

"छे! दमट हवा गार काचेला लागली की पाणी सुटतं. शाळेत पोरांना मीच शिकवायचो."

"मग घराचं पोटही गारच असतं ना, मास्तर!"

मला हसू आवरेना. दर उन्हाळ्यात मीच दमट हवा आत सोडून फळ्या भिजवत होतो. तिने झरोके बंद केले, मातीवर जाड प्लॅस्टिक अंथरलं, कुजलेल्या फळ्या बदलल्या.

पानगळ सुरू झाली तेव्हा आयडेला आपला वॉकर टेकत स्वयंपाकघरात गेली. जमीन हलली नाही. तिने पीच फळांचं सारण भरलेली गोड पाय-पेस्ट्री भाजली आणि पहिला गरम तुकडा टॅमसिनच्या ताटलीत ठेवला.

"खा पोरी. तुझ्यामुळे मी माझ्या चुलीपाशी आहे."