नऊ नंबरचे वल्हे

मी एक जुने वल्हे आहे. तळ्याकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आतल्या भिंतीवर ठोकलेल्या दोन खिळ्यांवर माझा मुक्काम असतो. माझ्या मुठीवर नऊ हा आकडा कोरला आहे आणि त्याखाली तांबड्या कापडाची पट्टी गुंडाळली आहे. मित्रांनो, जुनी वल्ही बहुधा तक्रार करतात की आम्हाला कुणी तेल लावत नाही, ऊन दाखवत नाही. माझी तशी तक्रार नाही. मला त्या आकड्याबद्दल सांगायचे आहे, आणि ते सांगताना माझी मलाच लाज वाटते.

मला एका सुताराने घडवले. दारे-खिडक्यांच्या चौकटी बनवणे हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. एकदा कुणाच्या तरी जिन्याच्या कामातून एक लांब, बिनगाठीची फळी उरली, आणि तिच्यातून त्याने दोन वल्ही काढली. मी त्याच्या बायकोसाठी आणि माझे जुळे भावंड त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोसाठी. महिनाभर तो आम्हाला रोज संध्याकाळी घासत होता. पाते पातळ हवे, मूठ तळहाताला टोचता कामा नये, असे तो स्वतःशीच पुटपुटत असे. तांबडी पट्टी मात्र त्याच्या बायकोने शिवली. ती घरी काजेबटणे आणि रफूचे काम करायची, त्यामुळे तिचा टाका दिसतसुद्धा नसे.

आमची बोट म्हणजे ड्रॅगन बोट. पुढे लाकडी ड्रॅगनचे डोके, त्यामागे ढोल, मग दहा बाक आणि एकेका बाकावर दोघेजण. गल्लीतलेच सगळे. पोस्टमन, बेकरीवाला, दवाखान्यातली नर्स, दोन मास्तर, असे वीस लोक थंडी सरून पाणी हाताला सोसू लागले की दर रविवारी सकाळी जमत. ढोलावर एक बस कंडक्टर बसे. आयुष्यभर माणसे मोजलेला माणूस, तो इथेही मोजायचा. बोट सुटण्याआधी आणि किनाऱ्याला लागल्यावर तो ढोलावर एक टिपरू मारी, आणि पुढच्या बाकापासून प्रत्येकाने आपापला आकडा ओरडून सांगायचा. एक, दोन, तीन, असे वीसपर्यंत.

पाचव्या बाकावर आमच्या जावा होत्या. जावा जावा उभा दावा म्हणतात, पण या दोघींनी त्या म्हणीला पार खोटे पाडले होते. थोरली नऊ, धाकटी दहा. थोरलीला दमा होता. डॉक्टरांनी छातीला व्यायाम सांगितला म्हणून ती बोटीवर आली होती. तिचा आवाज इतका हळू, की शेजारच्यालाही कान द्यावा लागे. धाकटी बाजारात भाजीच्या गाळ्यावर बसायची. तिने भाव पुकारला की अर्धा बाजार वळून पाहायचा.

पहिल्याच हंगामात असे झाले, की थोरलीचा ‘नऊ’ कंडक्टरला ऐकूच जाईना. तीनदा विचारावे लागले. चौथ्या वेळी धाकटीने एका दमात सांगून टाकले, “नऊ, दहा!” सगळी बोट हसली. थोरलीही हसली आणि तिने धाकटीच्या पाठीत धपाटा घातला. त्या दिवसापासून तीच रीत पडली. पाचव्या बाकाचे दोन्ही आकडे एकाच तोंडातून येऊ लागले. कंडक्टर गमतीने म्हणे, की या बाकाचे जोडतिकीट फाडले आहे. मीसुद्धा त्या गमतीत होतो. मला वाटायचे, माझ्या मालकिणीचा तेवढाच श्वास वाचला.

तीन हंगाम असे गेले. ते माझे चांगले दिवस होते. थोरलीचे हात शिवणकामाने बारीक झालेले, पण माझे पाते ती पाण्यात असे सरळ उतरवायची की शिंतोडा उडत नसे. कंडक्टर इतरांना सांगे, वल्हे कसे मारावे ते नऊ नंबरकडे पाहून शिका. सुतार किनाऱ्यावर टॉवेल आणि सुके कपडे घेऊन बसलेला असे. मी त्याच्या हातचा आहे, हे तो नव्या माणसाला आवर्जून सांगायचा.

चौथ्या हंगामाच्या शेवटी, शर्यतीला दोन रविवार उरले असताना ते झाले.

सकाळपासून वारा होता. परत फिरू या, असे नर्स म्हणालीही होती, पण शर्यत जवळ आली होती आणि कंडक्टरला वळणाचा सराव हवा होता. बोट तळ्याच्या मध्यावर आडवी झाली, त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला. एका बाजूचे लोक घाबरून दुसऱ्या बाजूला झुकले, आणि बोट एका क्षणात पालथी झाली.

अशा वेळी काय करायचे, ते प्रत्येकाला पाठ होते. आधी शेजारच्याचा हात धरायचा, मग बोटीची कड, मग आकडा. धाकटी पाण्याबाहेर आली तेव्हा तिच्या नाकातोंडात पाणी गेले होते आणि डोळ्यांवर केस चिकटले होते. तिने चाचपडत शेजारी हात टाकला. तिच्या हाताला लागलो मी. थोरलीच्या हातून सुटून मी तिथेच तरंगत होतो. धाकटीने माझी पट्टी ओळखली आणि मला घट्ट धरले. पट्टी आहे म्हणजे माझे दुसरे टोक थोरलीच्या हातात आहे, असे ती समजली. लाकडाचा धर्मच तरंगण्याचा आहे, मित्रांनो. पण त्या दिवशी मी बुडालो असतो तर बरे झाले असते.

ढोल दूर वाहत गेला होता. कंडक्टर घसा ताणून ओरडला. आकडे येऊ लागले. सात, आठ. मग नेहमीसारखे, एका दमात, “नऊ, दहा!” मग अकरा, बारा, आणि वीसपर्यंत सगळे आले. कंडक्टरने हात वर करून मदतीच्या मोटारबोटीला खूण केली, की सगळे आहेत, सावकाश घ्या. मोटारबोटीने शेपटाकडच्या लोकांपासून सावकाश सुरुवात केली.

धाकटीने डोळे पुसले, तेव्हा माझ्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हते.

थोरली पालथ्या बोटीखाली होती. अंगातल्या ज्या तरंगत्या जाकिटाने तिला तारायचे, त्यानेच तिला वर उचलून बाकाखाली दाबून धरले होते. बोट पुन्हा सरळ करून तिला बाहेर काढेपर्यंत सहा मिनिटे गेली. नर्सने किनाऱ्यावर तिची छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, अँब्युलन्स येईपर्यंत हात थांबवला नाही. उपयोग झाला नाही. सुतार बाजूला उभा होता. सुका टॉवेल त्याच्या हातातच राहिला.

पुढे चौकशी झाली. धाकटीने दोन्ही आकडे सांगितले, ही गोष्ट सर्वांच्या तोंडी झाली. आपण हसलो होतो, जोडतिकीट म्हणालो होतो, हे मात्र कुणाच्या तोंडून निघाले नाही. पराचा कावळा करायला माणसे पुढे असतात, पण आपल्या वाटणीचे बोलायची वेळ आली की अळीमिळी गुपचिळी. धाकटीने गाळ्यावर बसणे सोडले. तिच्या घरातून आवाज येईनासा झाला. मला कुणी तरी शेडमध्ये आणून खिळ्यांवर टाकले. माझ्यावर धूळ बसली, पाते उन्हाविना बुरसटले. मला त्याचे काही वाटले नाही.

थंडी संपत आली तेव्हा एका दुपारी सुतार शेडचे दार दुरुस्त करायला आला. थोड्या वेळाने त्याच्यामागे धाकटीही आली. ती दाराशी उभी राहिली. ती इतकी वाळली होती की मी तिला आधी ओळखलेच नाही.

“भाऊजी,” ती म्हणाली, “नऊ मी म्हटलं. ताई नव्हती, आणि मी म्हटलं.”

सुताराने रंधा खाली ठेवला. बराच वेळ तो हातावरचा भुसा झटकत राहिला.

“मी ऐकलं होतं,” तो म्हणाला. “वारा माझ्याच बाजूला येत होता. आवाज तुझा आहे, हेही मला कळलं. नेहमी तुझाच असायचा. म्हणून तर मी निर्धास्त झालो आणि टॉवेल उलगडत बसलो.”

धाकटी खाली बसली आणि मोठ्याने रडली. तिचा तो बाजारातला आवाज मी कित्येक महिन्यांनी ऐकला. सुताराने तिला उगी म्हटले नाही. त्याने मला खिळ्यांवरून उतरवले, ओल्या फडक्याने पुसले, पात्यावर तेल चोळले आणि तिच्या मांडीवर ठेवले. मग तो पुन्हा दाराच्या कामाला लागला.

या हंगामात बोट परत पाण्यात उतरली आहे. धाकटी आता नऊ नंबरच्या जागेवर बसते आणि मी तिच्या हातात असतो. शेजारी, दहाच्या जागी, एक नवा माणूस आहे. तो घड्याळे दुरुस्त करतो. शांत आणि बुजरा आहे, त्याचा आवाजही खालचा आहे.

पहिल्या रविवारी कंडक्टरने टिपरू मारले. आठ झाले. धाकटी म्हणाली, “नऊ.” आता तो तिचा स्वतःचा आकडा होता. पुढे काहीच आले नाही. मागून कुणीतरी कुजबुजले, की बाई, सांगून टाका, वारा सुटतोय. धाकटीने ओठ घट्ट मिटले. माझ्या मुठीवर तिची बोटे इतकी आवळली की पट्टीचा एक टाका उसवला. कंडक्टरचे टिपरू हवेतच थांबले होते. सगळी बोट थांबली होती.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या शेजारी कुणी हळू बोलणारे असेल, तर त्याच्या वतीने घाईने उत्तर देऊ नका. त्याला वेळ लागू द्या. आणि उत्तर आलेच नाही, तर मान वळवून पाहा.

“दहा,” तो माणूस हळूच म्हणाला.

धाकटीने मान वळवून त्याला नीट पाहिले आणि मगच मला पाण्यात घातले.