केमिस्टची साक्ष

माझा धाकटा दीर वाकल्याशिवाय दारातून आत येत नाही, तरी घरात त्याला सगळे बारक्याच म्हणतात. लिफ्ट दुरुस्त करतो. एका दुपारी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून येत होता, तर केमिस्टच्या दुकानासमोर पोलिसाने अडवलं. "कुणाची चोरलीस?" आमच्या रंगाच्या माणसाच्या हातात पाना दिसला, की तो चोरीचाच. ओळखपत्र काढायला बारक्याने खिशात हात घातला, तसं त्याला शटरवर आपटलं. भुवई फुटली. वर खटला त्याच्यावरच, पोलिसाला धक्का दिला म्हणून! शिक्षा झाली तर परवाना जाणार, आणि परवान्यापाठोपाठ नोकरी.

पाहणारा एकच, केमिस्ट. तो पोलिसांच्या रंगाचा, म्हणजे कोर्टात त्याच्या शब्दाला वजन. मी दुकानात गेले की त्याला नेमकं आतलं काहीतरी आठवायचं.

मग कळलं, वस्तीच्या समितीने सभागृहात कार्यक्रम ठेवलाय: अन्याय दिसला तर बघणाऱ्याने काय करावं. केमिस्ट समितीवर.

"जाऊन ये," सासूबाई म्हणाल्या. "वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो. निदान तोंड तरी बघ त्याचं."

सभागृहात संयोजक बाई उत्साहाने उतू चालल्या होत्या. छोटे प्रसंग करून दाखवायचे होते. मला म्हणाल्या, "तुम्ही अन्याय झालेल्या व्हा. जमेल ना?"

"सराव आहे," मी म्हटलं.

पोलीस झाला बँकेतला एक कारकून. बिचारा आधी "माफ करा हं" म्हणायचा, मग दरडावायचा. बघणारा झाला केमिस्ट. आणि काय सांगू, माणूस असा मध्ये येऊन उभा राहिला! "थांबा! मी सगळं पाहिलंय. यांनी काहीही केलेलं नाही. कोर्टात येऊन सांगेन मी!"

टाळ्याच टाळ्या. बाईंनी डोळे पुसले. सुटला आमचा बारक्या, असंच वाटलं मला.

चहाच्या टेबलापाशी त्याला गाठलं. "भाऊ, मंगळवारी तारीख आहे. आत्ता बोललात तेवढंच तिथं बोला."

त्याने कपात बघितलं. "ताई, ते वेगळं. इथं शिकण्यासाठी बोलायचं असतं."

"मग शिकलात ना?"

"मला त्याच रस्त्यावर दुकान चालवायचंय हो." मग हळूच, "भुवईला मलम घेऊन जा. पैसे नकोत."

मलम मी आणलं नाही. मंगळवारी साक्षीदार म्हणून पुकारायला आमच्या बाजूने नावच नव्हतं. बारक्याचा परवाना गेला. आता तो गोदामात खोकी उचलतो. तिथं लिफ्ट बंद पडली, तरी हात लावायची परवानगी नाही.

महिन्याभराने संयोजक बाई घरी आल्या. आमचा प्रसंग म्हणे फारच गाजला, इतर वस्त्यांतही दाखवायचा होता. "तुम्ही रडता ते अगदी खरं वाटतं!"

"खरंच रडते ती," सासूबाई आतून म्हणाल्या.

मी नाहीच म्हणणार होते. तेवढ्यात कोपऱ्यात जेवत बसलेला बारक्या म्हणाला, "जा वहिनी. मीही येतो."

"तू कशाला?"

"ऐकायला." त्याने घास गिळला. "मी काही केलं नाही, असं दुसरं कोण म्हणतंय?"

गेलो. अनोळखी सभागृह, माणसांनी खच्चून भरलेलं. बारक्या शेवटच्या रांगेत, बसूनही सगळ्यांच्या वर दिसत होता. कारकुनाने माफी मागून मला दरडावलं. केमिस्ट रुबाबात पुढे आला, हात वर केला, आणि त्याची नजर मागे गेली.

"थांबा," तो म्हणाला. "मी सगळं..."

पुढचं ओठातच राहिलं. बाई बाजूने कुजबुजल्या, "मोठ्याने! मागे ऐकू जात नाहीये."

"येतंय, येतंय," मागून बारक्या म्हणाला. "म्हणा पुढे."