काजळी पुसली आणि क्लेम गेला

मित्रांनो, मी एक जुनी घरघंटी आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा.

कारखान्यात मला पांढरा रंग देऊन विक्रोळीच्या चाळीत जानकीकडे पाठवलं. वड्यांचं पीठ, भाजणी, सगळं मी दळलं. तिच्या पिठाचं घाटकोपरपर्यंत नाव झालं. कौतुक तिचं, खडखड माझी! तरी मी तक्रार केली नाही, कारण ते घर माझ्यावर चालत होतं.

नवरात्रात एका दुपारी ठिणगी उडाली आणि माझी मोटर जळाली. शेजाऱ्यांनी वाळू टाकून आग विझवली. धंद्याचा विमा होता. भरपाई मिळाली तर नवी मोटर बसणार होती, नाहीतर मी भंगारात आणि जानकी लोकांच्या घरी पोळ्या लाटायला. कंपनीने फोनवर बजावलं होतं, आमचा माणूस बघून जाईपर्यंत कशालाही हात लावू नका.

मध्येच खंडेनवमी आली. जानकीचा नवरा काशीराम जन्मभर कारखान्यात राबलेला. मळकं यंत्र पूजणं त्याला पाप वाटे. जानकी बाजारात गेली तशी या शहाण्याने माझी काजळी घासली, जळकी मोटर काढून भंगारवाल्याला दिली, भिंतीला चुना फासला आणि मला झेंडूची माळ घातली. मला तोंड असतं तर मी अख्खी चाळ गोळा केली असती.

दसऱ्यानंतर विमा कंपनीचा तपासणारा माणूस, राजेश, आला आणि मला बघून हसला. मेल्याचा मला संताप आला.

"काकू, जळालेलं मशीन कुठाय?"

"हेच ना! बिल आहे माझ्याकडे."

"बिलावरून मशीन घेतलं हे कळतं. जळालं ते कशावरून? मोटर दाखवा. आग लागल्यावर फोटो तरी काढले का?"

फोटो नव्हते. जानकी काशीरामवर उसळली, "तुमका हात लावूक कोणी सांगल्यान?"

"नवमीक काळा मशीन पूजू?" तो पुटपुटला.

भंगारवाल्याकडची मोटर केव्हाच पुढे गेली होती. क्लेम फेटाळला गेला. जानकी आता पवईच्या टॉवरमध्ये पोळ्या लाटते आणि नवऱ्याशी बोलत नाही.

मित्रांनो, इतर वस्तू विनवतात, आम्हाला स्वच्छ ठेवा. मी बजावते, जळालेल्या वस्तूचे आधी फोटो काढा, बिल शोधा आणि तपासणी होईपर्यंत तिला तशीच काळी राहू द्या.

उद्या मला न्यायला भंगारवाला येणार आहे. काशीराम सकाळपासून फडकं घेऊन मला पुसत बसलाय. त्याला सांगा रे कोणीतरी, आता मला बघायला कोणी येणार नाही.