माझ्या पोटातली चकती

डावा पॅड आहे मी. आइस हॉकीच्या गोलकीपरच्या डाव्या पायाचा. उजवाही आहे, जुळा भाऊ माझा, पण तो पहिल्यापासून घुमा. म्हणून आमची दोघांची हकिगत मलाच सांगावी लागतेय.

तुम्ही म्हणाल, अंबरनाथ आणि आइस हॉकी? इथं बर्फ दिसतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर, नाहीतर मासळी बाजारात. खरं आहे. माझा जन्म तर उल्हासनगरला झाला, कॅम्प पाचमध्ये, हासोमल अंकलच्या शिलाईच्या कारखान्यात. तिथं जीन्स आणि शाळेची दप्तरं शिवतात. नाथा तिथला कटिंग मास्टर. त्याची भाची तेजल अंबरनाथच्या मोरिवलीत राहते, आणि माझं सगळं आयुष्य तिच्या गुडघ्याशी बांधलेलं आहे.

तेजल लहानपणापासून चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळायची. बदलापूरच्या संजीवनी मॅडम तिला शिकवायच्या. गोलमध्ये उभं राहायला कोणीच तयार नसायचं, म्हणून तेजल उभी राहिली आणि मग तिथून हललीच नाही. पुढं अठरा वर्षांखालच्या मुलींचा भारतीय आइस हॉकी संघ निवडायचा होता. संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, बर्फावरच वाढलेल्या. पण गोलकीपरची तिकडंही टंचाई. तेजलला शिबिराला बोलावलं. पहिल्या दिवशी ती बर्फावर इतक्या वेळा आपटली की बाकीच्या मुलींनी मोजणं सोडून दिलं. मात्र पडता पडताही ती गोल अडवत होती. राखीव गोलकीपर म्हणून तिचं नाव लागलं.

आता पॅड हवे. परदेशी पॅड आणणं घरच्यांच्या आवाक्यात नव्हतं. नाथानं मोबाइलवर फोटो पाहिला आणि म्हणाला, "एवढंच ना? दप्तरच आहे की हे. पाठीऐवजी पायाला लावायचं." त्यानं पांढरं रेक्झिन घेतलं, आत फोम घातला आणि उरलेल्या जागेत जीन्सच्या चिंध्या ठासून भरल्या. माप विचारायला त्यानं बहिणीला, म्हणजे तेजलच्या आईला, माधवीताईंना फोन केला.

"किती रुंद करू गं, ताई?"

"माप कसलं घेतोस? कर ऐसपैस. पोरीला लागायला नको."

त्या एका वाक्यानं मी दोन्हीकडून बोटभर वाढलो. हासोमल अंकल टेबलाशी येऊन थबकले.

"नाथा, ये क्या सी रहा है? हाथी का पाजामा?"

"भाचीसाठी आहे, अंकल. इंडियाकडून खेळणारे ती."

"इंडिया से? फिर डबल सिलाई मार!"

डबल शिलाई झाली. शेवटी कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे मला लेबल लागलं. हाताशी होतं ते लहान मुलांच्या जीन्सचं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, वय सात ते आठ.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मोरिवलीच्या घरात स्पर्धा समजावून सांगायचा कार्यक्रम झाला. तेजलचे वडील बुद्धभूषण एमआयडीसीत कामाला आहेत. ते शेजाऱ्यांना सांगत होते, "बघा, पाच देश आहेत. ही दुसरी श्रेणी. पहिला येईल तो वर पहिल्या श्रेणीत जाणार. शेवटचा येईल तो खाली, तिसऱ्या श्रेणीत."

"म्हणजे कंपनीसारखंच," शेजारी म्हणाले. "एकाला पर्मनंट करतात, एकाला परत कंत्राटदाराकडं पाठवतात."

"तसंच. फक्त इथं सगळ्यांच्या देखत करतात."

माधवीताईंचं या चर्चेत लक्ष नव्हतं. त्या बॅगेत हिरव्या मिरचीच्या ठेच्याची बरणी बसवत होत्या. जागा होईना, तेव्हा त्यांनी ती माझ्या आणि उजव्याच्या मध्ये कोंबली. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केकपर्यंत आम्ही दोघं लसणाच्या वासात गेलो.

स्पर्धेत आमचे पहिले तीन सामने काही सांगण्यासारखे झाले नाहीत. म्हणजे हरलो. तिन्ही सामने पहिली गोलकीपर रिग्झिन खेळली. लेहची मुलगी, शांत, चपळ. तेजल बाकावर बसून दार उघडायची, पाण्याच्या बाटल्या भरायची आणि मला मांडीशी घेऊन ओरडायची. मी कोरा करकरीत. मला एका चकतीचाही स्पर्श झालेला नव्हता. या खेळात चेंडू नसतो बरं का, रबराची काळी जाड चकती असते. दगडासारखी लागते.

शेवटचा सामना मलेशियाशी होता. तेही तिन्ही हरले होते. आता हरेल तो तिसऱ्या श्रेणीत जाणार. संजीवनी मॅडम संघाच्या मॅनेजर म्हणून आल्या होत्या. त्यांनी मुलींना बसवून स्पष्ट सांगितलं, "खाली गेलो तर पुढच्या वर्षी शिबिर नाही, असं वरून कळवलंय. शिबिर नाही म्हणजे बर्फ नाही. तुमच्यातल्या अर्ध्याजणी खेळ सोडतील, मला माहितीये."

सगळ्या गंभीर झाल्या. गंभीर झालं की भूक लागते. त्या रात्रीचं जेवण म्हणजे उकडलेले बटाटे आणि बिनचवीचं सूप. तेजलनं ठेच्याची बरणी काढली. रिग्झिननं आधी बोटाच्या टोकावर घेतला. डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "और है?" तिनं बटाट्याबरोबर खाल्ला, पावाबरोबर खाल्ला, शेवटी नुसताच खाल्ला.

सकाळी रिग्झिन बाथरूममधून बाहेर येईना. तेजल दाराबाहेर उभी राहून रडवेली झाली होती.

"रिग्झिन, सॉरी यार. मेरी मम्मी के ठेचे की वजह से..."

आतून क्षीण आवाज आला, "ठेचा बहुत अच्छा था. अब तू खेल."

अशा रीतीनं मी आणि उजवा पहिल्यांदा मैदानाच्या दिशेनं निघालो. पण दारातच अडलो. मलेशियाच्या प्रशिक्षकांनी तेजलकडं पाहिलं, मग आमच्याकडं पाहिलं आणि पंचांना बोलावलं. पंचबाई पट्टी घेऊन आल्या. त्यांनी मला मापलं. पुन्हा मापलं. मग उजव्याला. मग त्यांची नजर लेबलावर गेली. त्यांनी लेबल वाचलं, तेजलकडं पाहिलं, पुन्हा लेबल वाचलं. त्या हसल्या नाहीत, पण त्यासाठी त्यांना बरेच कष्ट पडले.

निकाल असा की आम्ही नियमापेक्षा रुंद. सामना सुरू व्हायच्या आत अरुंद होऊन आलो तर ठीक, नाहीतर तेजल खेळू शकत नाही. आणि रिग्झिन तर उभीही राहू शकत नव्हती.

तेजलनं ड्रेसिंग रूममध्ये मोबाइल बाकावर टेकवून व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर कॅम्प पाचचा कारखाना दिसला. मशिनांचा आवाज ऐकून मला भरून आलं.

"मामा, पॅड मोठे झालेत. दोन्हीकडून बोटभर कमी करायचेत. आत्ताच्या आत्ता."

नाथाचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. "रडू नको. वरचं रेक्झिन कापायचं नाय. आतल्या अंगाची शिवण उसव. चिंध्या काढ. मग कडा आत दुमड आणि टाके घाल. दाभण आहे का?"

"मामा, इथं दाभण कुठून आणू?"

मागून हासोमल अंकलनी डोकं घातलं. "बेटा, वहां मोची तो होगा! हर मुल्क में मोची होता है!"

होता. स्टेडियमच्या कोपऱ्यात एक म्हातारबाबा स्केट्सना धार लावायचे. त्यांना भाषा कळली नाही, पण पोटातून चिंध्या लोंबणारा पॅड कळला. त्यांनी आपली आरी दिली. दोरा म्हणून स्केटची जादा नाडी निघाली.

मग माझं जे ऑपरेशन झालं ते भूल न देता झालं. कप्तान मला धरून बसली, तेजल उसवत होती, दोघीजणी मुठीमुठीनं चिंध्या उपसत होत्या. निळ्या, काळ्या, फिक्या. एक अख्खा खिसा निघाला, त्याला बटणही होतं. सगळ्या खोलीत जीन्सचा ढीग झाला. मोबाइलमधून नाथा ओरडत होता, "जवळ जवळ टाके घाल! अगं, गोधडी नाय ती!"

उजवा आधी शिवून झाला. तो गप्प बसतो ना, त्याचा नंबर नेहमी आधी लागतो. माझी शिवण वीतभर राहिली आणि शिट्टी झाली. तेजलनं आरी ठेवली, मला तसाच पायाला बांधला आणि आम्ही पंचबाईंसमोर उभे राहिलो. पट्टी लागली. बसलो मापात.

सामन्याचं काय सांगू! पहिली चकती माझ्यावर आदळली तेव्हा मी कळवळलो. पण एक मजा झाली. चांगल्या कडक पॅडवरून चकती टणकन उडते आणि समोरच्याला पुन्हा मारायला मिळते. माझ्यातला माल निम्मा झालेला, मी झालो होतो जुन्या उशीसारखा. चकती यायची आणि भद्दकन जागेवरच मरायची. तेजल तिच्यावर झोपायची. मलेशियाच्या मुली वैतागल्या. तरी त्यांनी दोन गोल केले. आमच्या मुलींनीही दोन केले. जादा वेळ संपला, तरी बरोबरीच.

मग आले पेनल्टी फटके. आमची कप्तान यशस्वी झाली. त्यांची शेवटची खेळाडू उरली. तिनं गोल केला तर पुन्हा बरोबरी, तिला अडवलं तर आम्ही वाचलो.

ती उंच मुलगी सुसाट आली. उजवीकडं झुकली. तेजल फसली, उजवीकडं गेली. मुलगी डावीकडं वळली. आता तेजलकडं एकच गोष्ट उरली होती, तिला सगळ्यात चांगली येणारी. ती पडली. डाव्या पायासकट मला लांब फेकून, आडवी, गोलच्या तोंडाशी.

चकती आली, मला लागली आणि नाहीशी झाली.

मलेशियाच्या मुली नाचायला लागल्या. आमच्याही नाचायला लागल्या. मग दोन्हीकडच्या थांबल्या, कारण चकती कुठंच नव्हती. पंचबाईंनी जाळ्यात पाहिलं. जाळ्यामागं पाहिलं. तेजलच्या खांद्याखाली वाकून पाहिलं.

चकती माझ्या पोटात होती हो! त्या वीतभर उघड्या शिवणीतून सरळ आत शिरली होती. मला कळत होतं, पण मला विचारतो कोण? आणि भीती ही, की मी पडलो होतो गोलच्या रेषेच्या अगदी अलीकडं. तेजलनं उठायला पाय जरा मागं घेतला असता, तर चकतीसकट मी रेषेपलीकडं गेलो असतो.

तेवढ्यात बाकावरून संजीवनी मॅडम अस्सल बदलापुरी आवाजात गरजल्या, "तेजल, हलशील तर याद राख!"

तेजल पुतळा झाली. तिनं गुडघ्यानं मला बर्फाशी घट्ट दाबून धरलं. तो गुडघा मी जन्मात विसरणार नाही.

पंचबाईंनी मला दाबून पाहिलं. थबकल्या. मग शिवणीत दोन बोटं घालून चकती बाहेर ओढली. तिच्याबरोबर निळ्या जीन्सची एक लांब चिंधी आली. वरच्या कॅमेऱ्याचं चित्र पाहिलं गेलं. मी पूर्ण अलीकडं होतो. पंचबाईंनी दोन्ही हात आडवे पसरले. गोल नाही.

आम्ही काही जिंकलो नव्हतो. वरही गेलो नव्हतो. पाच संघांत चौथे आलो होतो. पण मुली अशा रडत होत्या, जणू पृथ्वी वाचवली. रिग्झिन पोट धरून भिंतीच्या आधारानं आली आणि तिनं तेजलला मिठी मारली. घरी फोन लावला तर माधवीताईंचा पहिला प्रश्न, "लागलं का गं कुठं?"

इकडं अंबरनाथला तोवर फ्लेक्स लागला होता. त्यावर साहेबांचे मोठे फोटो, तेजलचा कोपऱ्यात लहान, आणि तिच्या हातात गवतावरच्या हॉकीची काठी. शिवमंदिराजवळ सत्कार झाला. पाहुणे म्हणाले, "तेजलनं देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं!" टाळ्या पडल्या. तेजलनं माइक मागून घेतला.

"पदक नाही मिळालं. आम्ही चौथ्या आलो. पाचात. शेवटच्या येणार होतो, त्या नाही आलो."

मग मागच्या रांगेतून नाथानं अशी शिट्टी मारली की मंडपातली कबुतरं उडाली. पाहुणेही तयारीचे. म्हणाले, "चौथा क्रमांक! आंतरराष्ट्रीय चौथा!" आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. या वेळच्या जरा खऱ्या होत्या.

आता मी मोरिवलीच्या घरात भिंतीला टेकून असतो. बुद्धभूषण पाळीवरून आले की मला पाठीशी घेऊन टीव्ही पाहतात. पाहता पाहता झोपतात. माधवीताईंनी माझी शिवण पूर्ण केली आहे, पण हिरव्या दोऱ्यानं. चालायचंच.

यंदाचं शिबिर होतंय. तेजल पहिली गोलकीपर म्हणून जातेय, आणि तिला संघाकडून नवे पॅड मिळालेत. चकचकीत, कडक, मापात. काल तिनं ते माझ्या शेजारी ठेवले. जरा शिष्ट वाटले. तरी मी वडीलकीच्या नात्यानं चार शब्द बोललो.

म्हटलं, बाबांनो, गोल अडवणं तिचं काम आहे, ते ती बघेल. ती पडेल, खूप वेळा पडेल. तिचा गुडघा बर्फाला टेकायच्या आधी तुम्ही टेका. बास, एवढं करा.

उजवा पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "हो, आणि जपून न्या तिला."