गावाने केलेला ठराव

मंचरच्या पूर्वेकडच्या एका गावात विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जाऊ लागल्या. चोर काही सापडेना. मग बोट कुणाकडे वळणार? परप्रांतातून आलेल्या मजुरांकडे! ग्रामसभेत ठराव आला : परराज्यातल्या माणसाला गावात खोली द्यायची नाही, जे राहतात त्यांनी ताबडतोब निघावं.

खताचे दुकानदार सुगनचंद उभे राहिले. "मंडळी, हे आपल्याला करताच येत नाय. देश एक, नागरिकत्व एक. देशात कुठंबी राहायचा हक्क घटनेनं प्रत्येक नागरिकाला दिलाय. पंचायत काय, विधानसभा काय, संसद काय, सगळ्यांचे अधिकार त्या घटनेतूनच आलेत. तिच्या विरोधातला ठराव साऱ्या गावानं केला तरी बेकायदाच!"

"शेठ, तुमीबी बाहेरचंच की!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. सुगनचंदांचे पणजोबा राजस्थानातून आले होते.

"म्हणूनच सांगतोय," ते म्हणाले. पण त्या गोंगाटात ऐकतो कोण!

ठराव मताला टाकला, तेव्हा शेतकरी रखमाजीनेही त्याच्या बाजूने हात वर केला. त्याच्याच घरामागच्या खोलीत झारखंडचा सुखदेव बायको-मुलीसह राहायचा आणि मंचरला कांद्याच्या गोण्या उचलायचा. त्याची लहानगी फुलमनी रखमाजीच्या बायकोच्या, कुशाबाईच्या मागेमागे गोठ्यात फिरायची. सुखदेववर रखमाजीचा काडीचाही संशय नव्हता. पण गावाशी वाकडं कोण घेणार?

"लेकरू बारकं हाय वो," कुशाबाई विनवत राहिली. "कुठं जात्याल ती?"

"मी काय करू? गावानं ठरवलंय."

दुसरीकडे खोली मिळेपर्यंत सुखदेवने गावाबाहेर उसाच्या कडेला पाल ठोकलं. एका संध्याकाळी फुलमनीची आई चुलीवर भात शिजवत होती. उसातून बिबट्या आला आणि तिच्या शेजारून पोरीला उचलून घेऊन गेला.

वनखात्याने पिंजरा लावला. गाव हळहळलं. कुशाबाई मात्र रखमाजीला एवढंच म्हणाली, "बिबट्याला पिंजरा लावला. आपल्याला कोण लावणार?"

रखमाजी सुगनचंदांच्या दुकानात जाऊन बसला. "शेठ, हात तर सगळ्यांनीच वर केलं व्हतं. मंग माझाच जीव का जळतोय?"

"जळतोय हे बरंय, रखमाजी. गर्दीत माणसाला आपलाच हात दिसत नाय. म्हणून तर काही हक्क मतांवर सोडलेले नायत. ज्याच्या बाजूनं एकही हात वर होत नाय, त्याच्यासाठी घटना आहे."

पुढच्या ग्रामसभेत रखमाजी उठला.

"ठराव रद्द करा! कायदा सुखदेवनं न्हाई, आपण मोडला. त्या पोरीला गावाबाहेर मी काढलं, तुमी काढलं!"

रद्द करण्याच्या बाजूने एकेक हात वर होत गेला. सरपंच इंद्रायणीताईंनी खाली मान घालून ठराव रद्द झाल्याचं जाहीर केलं. काहीजण कुरकुरत निघून गेले.

रखमाजी तसाच मंचरला गेला. सुखदेव आणि त्याची बायको कधीच मुलखाला निघून गेले होते. आडतीवर कुणाला त्यांचा पत्ताही ठाऊक नव्हता.

बंधुभगिनींनो, बहुमताने सरपंच निवडता येतो, सरकारही बदलता येतं; पण माणसाचा हक्क हिरावून घेता येत नाही. ग्रामसभेत हात वर करण्याआधी एवढा विचार करा. चुकीचा ठराव उद्या रद्द करता येईल. त्याच्यापायी गेलेला जीव मात्र कोणत्याही सभेला परत आणता येत नाही.