कोनाड्यातल्या दोन शेजारणी

मित्रांनो, मी एक जुनी औषधाची बाटली आहे. आता माझ्यात समईचं तेल असतं. पण महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, तेव्हा मी जानेफळच्या एका दवाखान्यात कामाला होते. कंपाउंडर वाहेदभाई कागदाची पट्टी कातरून माझ्या अंगावर खळीने चिकटवत. पट्टीला सहा दाते. एक दाता म्हणजे एक डोस. त्या दात्यांचा मला केवढा अभिमान!

एका चैत्रात वामनबुवा कीर्तनकार खोकत आले. महिनाभर कोरड्या खोकल्याने त्यांना अभंगाचं एक चरण पुरं करू दिलं नव्हतं, आणि सप्ताहातलं काल्याचं कीर्तन तर त्यांचंच.

"दारू वगैरे घेता का?" डॉक्टरांनी विचारलं.

बुवांनी गळ्यातल्या तुळशीमाळेला हात लावला. "साहेब, माळकऱ्याले असं पुसतेत काय?"

डॉक्टर ओशाळले. पुढे काही न विचारता त्यांनी माझ्यात खोकला दाबणारं, अफूच्या अर्काचं औषध भरून दिलं.

गोजरबाईंनी, म्हणजे बुवांच्या घरधनिणीने, मला देवघराच्या कोनाड्यात ठेवलं. तिथे आधीच एक ठेंगणी शेजारीण होती, द्राक्षासवाची बाटली. गळ्याला बरं म्हणून बुवा तिच्यातलं रोज दोन चमचे घेत.

काल्याच्या सकाळी बुवा घाबरले होते. आवाज बसला तर? त्यांनी माझ्यातला एक दाता घेतला आणि शेजारणीतलं आसव चांगला अर्धा पेला. काल्याचा प्रसाद होईपर्यंत अन्न घ्यायचं नाही, म्हणून पोट रिकामंच. वाटेत खोकला आलाच तर असाव्यात, म्हणून गोजरबाईंनी आम्हा दोघींना पिशवीत घालून देवळात नेलं.

काय गायले बुवा! खोकला कुठल्या कुठे. पण निरूपणात शब्द लांबू लागले. डोळे मिटले. बुवा खांबाला टेकले ते टेकलेच.

टाळ थांबवून टाळकरी पंजाबराव म्हणाले, "गप बसा बे! बुवाले समाधी लागली. हात नोका लावू!"

माणसं एकेक करून पाया पडू लागली. कुणी हार घातला. गोजरबाई मात्र पुढे सरकल्या. "समाधी कायची? ह्यांचा दम पाहा की! एक घेतला की दुसरा येऊनच नाही राह्यला!"

दर साली बाहेर लिंबाखाली बसून कीर्तन ऐकणारे वाहेदभाई धावत आत आले. बुवांची नखं निळसर झाली होती. "पाया मंग पडजा," ते ओरडले, "पहिले उठवा त्याइले!"

डॉक्टर धावत आले. दुपारपर्यंत बुवांचा श्वास मोजत बसले. त्यांनी झोपू द्यायचं नाही म्हटल्यावर पंजाबरावांनी बुवांच्या कानाशीच टाळ धरला. "म्हणा बुवा, पुढचं चरण म्हणा!"

ऊन उतरता बुवांनी चरण पुरं केलं. गोजरबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"एका दात्याने एवढं व्हायचं नाही," डॉक्टर कोड्यात पडले. "बाई, खरं सांगा..."

"माळ हाय त्याइच्या गळ्यात!"

वाहेदभाईंनी पिशवीतून माझी शेजारीण काढली आणि बूच उघडलं. "साहेब, हिचा वास घ्या."

डॉक्टर बराच वेळ हुंगत राहिले. "आसव मुरताना त्यात मद्य आपोआप तयार होतं. पोटात अन्न नसलं की ते झरझर रक्तात भिनतं. मग ते आणि अफू, दोन्ही एकट्या यकृताने निस्तरायचं! त्यात दोघंही श्वासाला झोपवतात." मग हळूच म्हणाले, "चूक माझीच. दारू घेता का, एवढंच विचारलं. काय काय पिता, ते विचारलंच नाही."

वाहेदभाईंनी त्या दिवसापासून माझ्यासकट प्रत्येक बाटलीवर दुसरी पट्टी लावली : 'औषधासोबत आणखी काय खाता-पिता, ते सांगा.'

पुढच्या साली काल्याच्या कीर्तनात बुवा घरधनिणीकडे हात करत म्हणाले, "मायबाप, मले समाधी नोती लागली. देवाच्या दारातून मले हिनं वापस आणलं."

"हाव, आन् लोक पाया पडून राह्यले व्हते!" बायकांतून गोजरबाई बोलल्या, आणि देऊळ हसलं.

मित्रांनो, माझे दाते केव्हाच झिजले. दुसरी पट्टी मात्र गोजरबाई तेल भरताना अजून बोटाने चाचपतात. तुमच्याही कोनाड्यात माझ्यासारखी कुणी असेल. तिचे दाते मोजाच, पण तिची शेजारीण कोण, तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका.